न जुळलेला आकडा

भोकं चार आणि स्क्रू तीनच. मशीनच्या मागच्या पत्र्यावर, वरच्या डाव्या कोपऱ्यातलं भोक रिकामं होतं आणि त्याच्या कडेला पत्रा किंचित चकाकत होता. नुकताच कुणी स्क्रू पिळून काढल्यासारखा... की कारखान्यातूनच तसा आला असेल? तिनं वाकून बोट लावलं. बोटाला काहीच कळलं नाही. खोक्याची चिकटपट्टी तर सकाळी तिनं स्वतःच्या हातानं कापली होती, पट्टीवर पट्टी नव्हती, कोपरे दबलेले नव्हते. पण चिकटपट्टी काय, कुणालाही नवी लावता येते. तिनं मोबाईलवर त्या रिकाम्या भोकाचा फोटो काढला. मग कोन बदलून आणखी एक काढला. थंड हवेचा घरघराट त्या चिंचोळ्या खोलीत असा भरला होता की मागे कुणी येऊन उभं राहिलं असतं तरी ऐकू आलं नसतं, म्हणून तिनं एकदा मागे वळून पाहिलं. दार बंद होतं. दाराच्या काचेत तिचीच वाकलेली आकृती.

उद्यापासून कंपनीतले अकरा प्रोग्रामर आपापल्या लॅपटॉपवर कोड लिहिणार होते आणि तो या मशीनकडे धाडणार होते. आणि हे मशीन, समोर ना पडदा ना माणूस, या खोलीत एकटं बसून त्या कोडचा चालणारा प्रोग्राम बांधणार होतं. त्यांच्या भाषेत बिल्ड करणार होतं. तो प्रोग्राम मग रुग्णालयांत जायचा, पलंगांशेजारी उभ्या असलेल्या छोट्या पंपांमध्ये, शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडणाऱ्या. म्हणजे या मशीनमध्ये कुणी हात घातला, तर तो हात थेट कुणाच्या तरी शिरेपर्यंत पोचतो... हे वाक्य तिचंच. सहा महिन्यांपूर्वी साहेबांच्या केबिनमध्ये तिनं ते उच्चारलं होतं, आणि ते जिथं लागायचं तिथं बरोबर लागलं होतं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांत मास्तर गेले.

गेले म्हणजे नोकरी सोडून गेले. तब्येतीचं कारण, निरोपाचा छोटा समारंभ, एक घड्याळ. त्यांचं जुनं बिल्ड मशीन बंद झालं, डिस्क साहेबांच्या हुकमावरून भोकं पाडून नष्ट केली गेली, आणि तेव्हापासून जो तो आपल्या लॅपटॉपवर बिल्ड करत होता — ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं. आता हे नवं मशीन. पूर्णपणे तिच्या हातचं. यात काही पाणी मुरणार नाही, मी मुरू देणार नाही, तिनं ठरवलं होतं. तीन स्क्रूंवर मशीन आत सरकवून तिनं कपाटाला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. दोनदा.

जागेवर येऊन तिनं लिनक्स चढवायला घेतलं. नेटवरून उतरवून घेतलेली प्रत खरी की मधेच कुणी बदललेली, हे पाहायला तिनं आधी तिचा हॅश काढला. कोणत्याही फाईलवरून असा एक लांबलचक आकडा निघतो. फाईलमधलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अख्खा आकडा पालटतो. तिला हे फार आवडायचं. माणसं गोल गोल बोलतात, आकडा बोलत नाही. जुळला तर जुळला. हा, लिनक्सवाल्यांनी जाहीर केलेल्या आकड्याशी, जुळला. तरीही तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं, बोट ठेवून वाचला.

मग एकेक दार बंद करत जाणं. पासवर्डनं कुणी आत येऊ शकणार नाही, फक्त किल्लीनं. फायरवॉलमध्ये बाहेरचे सगळे मार्ग बंद, एकच उघडा. बिल्ड करण्यासाठी एक वेगळं खातं, ज्याला आपलं काम सोडून इकडेतिकडे बघायचीसुद्धा परवानगी नाही. मास्तरांनीच शिकवलं होतं हे, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, एका बोटानं पडद्याकडे दाखवत — “हे बघ, कमी अधिकार देणं म्हणजे अपमान नव्हे. ज्याला जास्त दरवाजे, त्याला जास्त पाहुणे.” सगळ्यांनाच शिकवायचे म्हणून मास्तर. नाही तर त्यांना कुणी शाळेत शिकवायला ठेवलं नसतं, इतका त्यांचा आवाज बारीक. आणि बोलताना समोरच्याकडे न बघता कीबोर्डकडे बघायचे. तेव्हा ते लाजाळूपणाचं वाटायचं. नंतर, एकदा मनात पाल चुकचुकल्यावर, तेच... काही दडवणारा माणूस कुठे बघतो? खालीच बघतो.

किल्ल्या गोळा करायच्या होत्या. प्रत्येक प्रोग्रामरनं आपल्या किल्लीचा उघडा अर्धा भाग तिला पाठवला होता, दुसरा गुप्त अर्धा त्याच्याकडेच. दोन्ही जुळले तरच मशीन आत घेणार. पण पाठवलेला भाग त्याचाच कशावरून? ती एकेकाला फोन करून शेवटची आठ अक्षरं वाचायला लावत होती. कुणी जांभई देत वाचली, कुणी हसत. दाढीवाला — तो तिच्यापासून चार टेबलं सोडून बसायचा, त्याची दाढी फोनच्या आधी दिसायची — म्हणाला, “मॅडम, अक्षरं वाचतो, पण हा आवाज माझाच कशावरून?”

“तोंड दिसतंय तुझं इथून.”

“मग फोन कशाला?”

सगळे हसले. तीही हसली, पण अक्षरं वाचताना तो चौथ्या अक्षरावर अडखळला होता हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

अकरा किल्ल्या, अकरा माणसं. तिनं यादी पुन्हा मोजली. जुन्या मशीनवर जायची परवानगी सहाच माणसांना होती आणि किल्ल्या सात. सातव्या किल्लीच्या शेवटी, जिथे मालकाचं नाव लिहितात तिथे, नुसतं ‘चिमणी’. चिमणी नावाचं कंपनीत कुणी नव्हतं. आणि ती चिमणी यायची पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटं आत राहून निघून जायची. तिथून सगळं सुरू झालं. मग तिनं एका रविवारी जुन्या मशीनवरचाच कोड आपल्या लॅपटॉपवर घेऊन बिल्ड केला — पन्नास मिनिटं लागली होती, पंखा ओरडत होता — आणि दोन्हींचे हॅश शेजारी शेजारी ठेवले. जुळले नाहीत. तोच कोड, कोडचा प्रोग्राम करणारा तोच कंपायलर, आणि आकडे एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते. म्हणजे जुन्या मशीनवर बिल्ड होताना मधे कुणीतरी काहीतरी घालतंय. तिनं दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले, आणि उतरवताना... खरं सांगायचं तर मला तेव्हा एक प्रकारचा आनंद झाला होता. सापडलं! असा.

दुपारी डबा उघडला तेवढ्यात घरून फोन. बाबा. बाबा तिच्याकडेच असतात आता. जन्मभर वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक होते, बाजारात शिरले की दुकानांतली कुजबुज बंद व्हायची.

“माझा चष्मा कुणीतरी हलवलाय,” बाबा म्हणाले.

“सापडत नाहीये का?”

“सापडतोय. डोळ्यावरच आहे. पण मी ठेवला होता त्याच्या चार बोटं डावीकडे होता.”

“बाबा, घरात तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्हीच ठेवला असेल.”

“असं प्रत्येक जण म्हणतो. तू हसत्येस. हसणाऱ्यांचेच काटे वाकडे निघतात, तीस वर्षं बघितलंय मी.”

“बरं, संध्याकाळी बघते हं मी चष्म्याचं.” फोन ठेवल्यावर तिला हसू येत राहिलं, आणि मग येईनासं झालं. समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात तिनं सकाळी काढलेला त्या भोकाचा फोटो उघडाच होता. तिनं तो बंद केला. पुसला मात्र नाही.

दोन वाजता मशीन तयार झालं. पहिला बिल्ड तिनं आपल्या जागेवरून सोडला. कोड गेला, त्या बंद खोलीतल्या मशीनच्या चोवीस गाभ्यांनी, म्हणजे कोअर्सनी, तो वाटून घेतला आणि पडद्यावर ओळी धबाधबा कोसळू लागल्या. साडेचार मिनिटांत काम फत्ते. जिथे पन्नास लागत होती तिथे साडेचार! दाढीवाला खुर्ची सरकवत आला.

“भारीच. पण पहिल्यांदाचा वेळ धरू नका, मॅडम. आणखी एकदा सोडा, मग खरा वेग कळेल.”

आणखी एकदा. का? तिनं त्याच्याकडे पाहिलं. दाढीत काही दिसत नाही, हा दाढीचा फायदाच म्हणायचा. पण मागणी रास्त होती. तिनं जुना निकाल बाजूला ठेवला, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून सोडलं, आणि केवळ सवयीनं — कुलूप ओढून बघावं तसं — दोन्ही निकालांचे हॅश काढले.

जुळले नाहीत.

तिनं पुन्हा काढले. पहिला तोच आला, दुसराही तोच, आणि दोन्ही वेगळे. तोच कोड. तेच मशीन. जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर. आलंच की. इथेही आलं. मी स्वतः बंद केलेल्या दारांतून, अकरा किल्ल्यांतून, तीन स्क्रूंतून — मास्तर आत शिरले? नाही, मास्तर कसे शिरतील, त्यांची किल्ली नाही, ते सहा महिने घरी बसलेत... मग त्यांचं कुणीतरी इथे आहे. असणारच. एकटा माणूस असलं काही करत नाही. तिनं मशीनवर कोण कोण आलंय ते पाहिलं: ती, आणि दाढीवाला. फक्त दाढीवाला. दोन वाजून तेहतीस मिनिटांनी, दुसरा बिल्ड चालू असतानाच आत, अजून बाहेर पडलेला नाही. तिनं नेटवर्कचा तो एकमेव उघडा मार्ग बंद केला, ‘ए, माझं तुटलं’ असा त्याचा आवाज आला, आणि ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली.

“आत काय करत होतास?”

“बघत होतो. किती गाभे चालतायत ते.”

“फक्त बघत होतास?”

तिचा आवाज असा निघाला की शेजारच्या दोघांनी हेडफोन काढले. दाढीवाल्यानं आधी हसायचा प्रयत्न केला, मग तो थांबला. “मॅडम, झालंय काय?”

न सांगण्याचा तिचा बेत होता. आकड्याबद्दल संशयिताला सांगायचं नसतं, सांगितलं तर तो माग पुसतो. साहेबांनाही तिनं हेच सांगितलं होतं तेव्हा: मास्तरांना फक्त किल्लीबद्दल विचारा, हॅशचं बोलू नका. आणि त्या बैठकीत खरंच फक्त किल्लीबद्दल विचारलं गेलं. मास्तर कीबोर्ड नसलेल्या टेबलाकडे बघत म्हणाले होते, “माझीच आहे. घरच्या कॉम्प्युटरची.” नोंद का नाही केली? “राहून गेली.” पहाटे का? “झोप लागत नाही तेव्हा.” चोराच्या मनात चांदणं, असं साहेब नंतर म्हणाले. मास्तर उठताना एकदाच तिच्याकडे पाहून म्हणाले होते, “मला का नाही गं विचारलंस?” आणि तिला वाटलं होतं, किती सराईत.

पण आज तिला ते दडवणं जमलं नाही. दोन आकडे तिच्या पडद्यावर उघडेच होते आणि दाढीवाला उठून, तिच्या मागोमाग, येऊन उभाच राहिला होता.

“दोन वेळा बिल्ड केलं, दोन्ही वेगळे,” ती म्हणाली. “मधे कुणीतरी काहीतरी घालतंय.”

“घालतंय ना. घड्याळ घालतंय.”

“म्हणजे?”

“बिल्ड होताना प्रोग्राममध्ये त्याची तारीख-वेळ छापली जाते. पंप चालू केला की पहिल्या पडद्यावर येते, बघा. त्यामुळे दर वेळी हॅश वेगळाच येणार.” त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मास्तरांनीच टाकलेलं आहे ते, फार जुनं. रुग्णालयवाल्यांना कळावं कुठली आवृत्ती ते, म्हणून. आम्हा सगळ्यांना माहितीये. तुम्हाला नव्हतं?”

तिनं दोन्ही फाईली उघडून एकमेकींवर धरल्या, अक्षरागणिक, जिथे फरक असेल तिथेच थांबायला लावून. लाखो अक्षरं सरळ जुळत गेली आणि एकाच जागी अडली. एकीत होतं: दोन वाजून सात मिनिटं, बावन्न सेकंद. दुसरीत: दोन वाजून एकतीस मिनिटं, चार सेकंद. पुढे पुन्हा सगळं सारखं, अगदी शेवटपर्यंत. कुणी आत शिरलेलं नव्हतं. फक्त वेळ गेला होता.

“मास्तर असते तर लगेच सांगितलं असतं त्यांनी,” दाढीवाला म्हणाला. “तब्येत कशी आहे हो त्यांची? तुमचं बोलणं होतं का?”

“नाही,” ती म्हणाली. “म्हणजे... बरी असेल.”

तो गेला. तिनं नेटवर्कचा मार्ग पुन्हा उघडला. त्या रविवारी मी आणखी एकदा बिल्ड केला असता तर — माझ्याच लॅपटॉपवर, माझाच कोड, आणखी पन्नास मिनिटं — तर माझेच दोन आकडे जुळले नसते आणि मला कळलं असतं. पन्नास मिनिटं होती माझ्याकडे. अख्खा रविवार होता. पण माझं मशीन खरं आणि त्यांचं खोटं, हे मी धरूनच चालले होते. स्वतःचं कशाला कोण तपासतं... बाबा तपासायचे. ही आठवण इतकी आडवी आली की ती खुर्चीत मागे टेकली. बाबांची लाकडी पेटी, आत कप्प्याकप्प्यांत बसवलेली पितळेची वजनं, ज्यांच्याशी ताडून ते साऱ्या बाजाराची वजनं खरी-खोटी ठरवायचे — ती पेटी दर वर्षी ते स्वतः उचलून वरच्या कचेरीत नेत. एकदा ती बरोबर होती, सात-आठ वर्षांची. “बाबा, तुमच्यावरपण संशय घेतात?” आणि बाबा, तेव्हाचे, चष्मा नसलेले बाबा, म्हणाले होते, “संशय नव्हे गं. रोज हाताळून पितळ झिजतं. ज्याच्या हातात असतं त्यालाच ते कळत नाही.”

ती साहेबांच्या केबिनकडे निघाली. जाताना वाक्य तयार केलं: सर, मी चुकले होते. दारापर्यंत ते तसंच होतं. खुर्चीत बसल्यावर त्याचं झालं, “सर, जुन्या मशीनच्या त्या हॅशबद्दल एक तांत्रिक गोष्ट लक्षात आली आहे.” मग तिनं सांगितलं, तारखेचं, वेळेचं. नीट सांगितलं, काही लपवलं नाही. फक्त सगळी वाक्यं अशी लावली गेली की त्यांत कर्ता कुठे नव्हता — फरक दिसून आला होता, निष्कर्ष काढला गेला होता.

साहेब बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. त्यांनाही हे नको होतं, हे तिला दिसलं. मग ते म्हणाले, “पण ती किल्ली? ती तर होतीच ना?”

“हो.”

“नोंद नसलेली. पहाटेची. आणि त्यांनी कबूलही केलं होतं.”

“हो. किल्ली होती.”

“मग झालं तर. आपण काही नुसत्या आकड्यावर गेलो नव्हतो. आता जुनं कशाला उकरायचं? डिस्कही राहिलेली नाही.” ते हसले. “नवं मशीन चाललंय ना छान?”

“साडेचार मिनिटांत,” ती म्हणाली. किल्ली होती. होतीच की. चिमणी पहाटे आत काय करायची ते तर अजून कळलेलंच नाही, आणि आता कळायची सोयही नाही... केवढं बरं वाटलं!

ते बरं वाटणं घेऊनच ती बाहेर आली, आणि जिन्यापाशी तिला ते जड झालं. लिफ्ट आली, उघडली, मिटली. ती पायऱ्यांवर बसली, खिडकीखालच्या तिसऱ्या पायरीवर, जिथे लोक फोनवर खासगी बोलायला येतात. मास्तरांचा नंबर होता. विचारू या. सरळ विचारू या, त्यांनी म्हटलं होतं तसं. मास्तर, ती चिमणी म्हणजे... नको. मास्तर, एक जुनी शंका होती... शंका? मास्तर, तुम्ही पहाटे मशीनवर नेमकं काय करायचात हो? — प्रत्येक वाक्य किल्लीपासूनच सुरू होत होतं. चुकले, इथून सुरू होणारं एकही वाक्य जमत नव्हतं, आणि तिनं ते जमवायचा प्रयत्न थांबवून नुसतं पाहिलं, की हे असं का होतंय. तर तिला दिसलं की आपण वाट बघतोय. फोन उचलून तो बारीक आवाज जरासा अडखळेल, खाली बघून बोलेल, काहीतरी न पटणारं सांगेल, याची. त्या पहाटेच्या दहा मिनिटांत मास्तरांनी खरंच काहीतरी वाईट केलेलं असावं, पंपात, कुणाच्या शिरेत — हे मला हवं आहे. भीती नाही वाटत त्याची. आशा आहे. रुग्ण गेले खड्ड्यात, मास्तर चोर निघाले पाहिजेत.

तिनं फोन पालथा गुडघ्यावर ठेवला. खालून कुणीतरी पायऱ्या चढत होतं — दाढीवाला, हातात चहाचा कागदी पेला. तिला बसलेली पाहून तो भिंतीला लागून उभा राहिला, वाट द्यावी तसा, जरा जास्तच अंगचोरपणे.

“मॅडम, मघाशी... मी खरंच नुसतं बघत होतो.”

“माहितीये मला,” ती म्हणाली. “माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

तो बरं वाटून वर गेला. आणि ती तिथेच बसून ते वाक्य पुन्हा ऐकत राहिली — किती गुळगुळीत आलं ते, किती वेळेवर, कुठेही न अडखळता — आजवर दुसऱ्यांची वाक्यं ती ज्या कानानं ऐकत आली होती, त्या कानानं.